पंचरवाला आन् वर्ल्डकप

प्रश्न : भाऊ नमस्कार, माह्यं रोडवर पंचरचं दुकान हाय, वय २३. सोयाबीन निघालं की संध्याकाळी आमी पोट्टे वावरातच फुटबॉल खेळतो, गोल मीच जास्त मारतो. दुकानात आलेला एक जण म्हणे इटलीत एक पंचरवाला होता, त्यानं वर्ल्डकपमधी सगळ्यात जास्त गोल मारले. खरं हाय का फेकते तो? आन् माह्यं वय निघून गेलं का?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : फेकत नाही बावा, खरं आहे. साल्वातोरे स्किलाची, लाडानं तोतो. आम्ही शिलाची म्हणायचो. सिसिली बेटावरच्या पलेर्मो शहरातल्या गरीब घरचा पोरगा, लहानपणी टायरच्या दुकानात कामाला होता. १९९० चा वर्ल्डकप इटलीतच झाला, त्यात ६ गोल मारून सगळ्यात जास्त गोलचा गोल्डन बूट आणि बेस्ट प्लेअरचा गोल्डन बॉल दोन्ही घेऊन गेला. पहिली मॅच ऑस्ट्रियाशी, ७५ मिनिटं ०-० आणि हा बेंचवर बसलेला, कोच विचिनीनं आत पाठवलं आणि तिसऱ्या मिनिटाला जोडीदार वियालीचा क्रॉस आला. हा उंचीनं बेताचा, दोन्हीकडं धिप्पाड डिफेंडर, तरी मधातून उडी मारून डोक्यानं आत घातला. मग डोळे फाडून असा पळाला की त्याचा त्यालाच विश्वास बसत नव्हता.

सेमीफायनल अर्जेंटिनाशी, ३ जुलै. पेरणीचे दिवस, दिवसभर वावरात थकलो होतो, पण रात्री साडेअकराला शेजारच्यांच्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीसमोर आम्ही पंधरा जण बसलो. १७ व्या मिनिटाला यानं गोल मारला आणि थोड्या वेळात लाईट गेली. इटली जिंकली समजून मी मस्त झोपलो, सकाळी रेडिओ म्हणे पेनल्टीत हरली! अर्जेंटिनाच्या कानिजियानं बरोबरी केली होती राजेहो.

पण तुह्या दुकानातल्या माणसानं मधातली ७ वर्षं गाळली. पलेर्मोच्या सिटी बस कंपनीच्या टीममधून हा १७ व्या वर्षी मेसिना क्लबात गेला आणि १९८२ पासून १९८९ पर्यंत तिथंच घासत राहिला, सगळा खालच्या डिव्हिजनचा खेळ. शेवटच्या सीझनला सेरी बी, म्हणजे इटलीच्या दोन नंबरच्या लीगमध्ये २३ गोल, तेव्हा कुठं युव्हेंटस या मोठ्या क्लबनं उचललं. वर्ल्डकप झाला तेव्हा तो २५ चा होता म्हणून तू खुश होशील, पण तो तोवर आठ वर्षं क्लबात खेळून चुकला होता हे पाय ना. माझं मत, तुह्यं प्रोफेशनलचं वय गेलं, खोटं काऊन सांगू. तालुक्याची, जिल्ह्याची टीम मात्र तुले आजही घेईल, कामठीकडं तर फुटबॉलचं लय वेड आहे, तिकडच्या टुर्नामेंटले जाऊन पाय. दुकान बंद नको करू, टायरनं तोतोचं काही बिघडलं नाही.

प्रश्न : त्या वर्ल्डकपनंतर हा माणूस गायबच झाला. कुठं गेला?
– एक निवृत्त मास्तर, वरोरा

उत्तर : गुरुजी, गायब नाही पण उतरला खरा. इटलीकडून १६ मॅच, एकूण ७ गोल, म्हणजे ते ६ काढले तर उरला एक! युव्हेंटसहून १९९२ ला मिलानच्या इंटर क्लबात, तिथं दुखापतींनी छळलं, आणि १९९४ ला तडक जपानला, जुबिलो इवाता क्लबाकडून. तिथली जे-लीग खेळणारा पहिला इटालियन तोच. इथं लोकांना वाटलं संपला, तिकडं मात्र भरपूर गोल मारत होता. नंतर पलेर्मोत परत येऊन पोरांसाठी फुटबॉलचं सेंटर चालवलं. १८ सप्टेंबर २०२४ ला कॅन्सरनं गेला, ५९ वर्षांचा. शेवटच्या दर्शनाला त्याला पलेर्मोच्या स्टेडियममध्येच ठेवलं होतं. गंमत बघा, पलेर्मोच्या मोठ्या क्लबकडून तो कधी खेळलाच नाही.