बुद्धिबळात कॉम्प्युटरने सोडवलेल्या एंडगेममध्ये (मोजकेच मोहरे उरलेल्या डावाच्या शेवटात) सक्तीचा विजय किती चालींचा असू शकतो? 50 चालींचा नियम (तेवढ्या चालींत मोहरा मारला गेला नाही आणि प्यादं हललं नाही तर बरोबरी मागता येते) असताना त्याचा उपयोग काय?

549. राजे धरून पटावर सात मोहरे, वजीर-प्यादं विरुद्ध हत्ती-उंट-घोडा. दोघंही अचूक खेळले तर 549व्या चालीला मात. मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर 2012 मध्ये सात मोहऱ्यांचे तक्ते (टेबलबेस, म्हणजे प्रत्येक स्थितीचा आधीच काढून ठेवलेला निकाल) झाले, त्यांतून हे कळलं. 1991 मध्ये संगणक-संशोधक लुईस स्टिलरने हत्ती-घोडा विरुद्ध दोन घोडे यात नुसता मोहरा मारायलाच 243 चाली दाखवल्या होत्या.

पण माझं घोडं 549 वर नाही, 44 वर अडलंय.

1996, तालुक्याच्या गावची स्पर्धा, मंगल कार्यालयातला हॉल. शेवटची फेरी, माझे दोन उंट आणि समोरच्या काकांचा एकटा घोडा. घोडा बी7 वर, राजा त्याला चिकटून. मागे आचारी दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचे कांदे चिरत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी. काका म्हणाले, "बाळ, हा बरोबरीचा डाव आहे. पुस्तकात दिलंय. उगाच रात्र कशाला करतोस?" मी हात मिळवला. अर्ध्या गुणाने बक्षीस गेलं.

घरी आल्यावर आमच्या सरांनीही काकांचीच री ओढली. क्लिंग आणि हॉर्विट्झ या बुद्धिबळ-लेखकांनी 1851 मध्येच घोडा-राजाची ही तटबंदी अभेद्य ठरवली होती म्हणे. खरं तर केन थॉम्प्सनने (युनिक्स ही संगणकप्रणाली बनवणारा, तोच) 1983 मध्येच दाखवून दिलं होतं की ती फुटते, आणि दोन उंट एकट्या घोड्याला जवळपास नेहमीच हरवतात. सगळ्यात लांब विजय 66 चालींचा. आमच्याकडे ही बातमी तेरा वर्षांतही पोचली नव्हती. स्कोअरशीट मी जपून ठेवलं होतं. परवा ती स्थिती लिचेस या बुद्धिबळाच्या साइटच्या टेबलबेसमध्ये टाकली. 44 चालींत घोडा पडतो. म्हणजे 50 च्या आत, नियमात बसून!

तेव्हा पुस्तकात लिहिलंय म्हणून कुणी बरोबरी मागितली तर देऊ नका. खेळा. घड्याळ संपेपर्यंत खेळा. समोरच्याचं वय बघू नका.

हां, तुमचा नियमाचा प्रश्न राहिला. मधल्या काळात फिडेने (जागतिक बुद्धिबळ संघटनेने) काही ठरावीक एंडगेमना 75 चाली दिल्या होत्या, 1992 मध्ये ते मागे घेऊन पुन्हा सगळ्यांना 50. त्यामुळे 549 वाला विजय पटावर मिळणारच नाही, समोरचा 50 मोजून बरोबरी मागेल. अशा विजयाला सिझिजी नावाच्या टेबलबेसमध्ये शापित म्हणतात.

आणि एक, प्रामाणिकपणे. 44 हा आकडा यंत्राचा. 1978 मध्ये ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन वजीर विरुद्ध हत्ती यंत्रासमोर 50 चालींत जिंकू शकला नव्हता, आणि तिथे 31 पुरतात. अभ्यास करून पुन्हा बसला, तेव्हा बरोबर पन्नासाव्या चालीला जमलं. मीही माझा डाव कॉम्प्युटरशी तीनदा खेळलो. घोडा तिन्ही वेळा दुसऱ्या कोपऱ्यात पळाला. सरांना मी फक्त टेबलबेसचा स्क्रीनशॉट पाठवलाय, हे तीन डाव नाहीत.