मुत्सद्दी: आधी खतावणी, मग खलिता

प्रश्न असा आला आहे: वर्तमानपत्रांत 'भारताची आर्थिक मुत्सद्देगिरी' असं वाचतो. मुत्सद्देगिरी तर तहांची आणि लढायांची. इथे 'आर्थिक राजनय' म्हणायला नको का?

नको. आणि 'मुत्सद्दी' म्हणजे कावेबाज, हा जो अर्थ हल्ली रोज कानांवर आदळतो, तोही आधी टाकून द्या.

शब्द अरबी, 'मुतसद्दी': काम अंगावर घेणारा. फारसीमार्फत आपल्याकडे आला तो कारकून, हिशेबनीस या अर्थाने. मुघल काळात सुरत बंदराचा मुख्य अधिकारी मुत्सद्दीच म्हणवला जाई; जकात, माल, जहाजं सगळं त्याच्या ताब्यात. 1608 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा इंग्रज कप्तान हॉकिन्स सुरतेला उतरला, तेव्हा त्याची गाठ पडली तिथल्या बंदरांचा कारभार पाहणाऱ्या मुकर्रबखानाशी. म्हणजे परदेश्याशी पहिली बोलणी करणारा माणूस जकातीचा! बंगालीत तर 'मुत्सुद्दी' म्हणजे विलायती पेढ्यांचा देशी दलाल. डाव्यांच्या लिखाणात 'मुत्सुद्दी बुर्जोआ' अजून भेटतो. एकच शब्द, आणि किती सुंदर फाटे!

मराठीत हिशेबनिसाचा राजकारणी कसा झाला? माझं मत ठाम आहे: पेशवाईत. नाना फडणवीस घ्या. फडणिशी हे मुळात हिशेबाचंच खातं. फौजेचा खर्च किती, चौथाईची बाकी कुणाकडे, सावकाराचं देणं किती, हे ज्याला ठाऊक त्यालाच निजामाशी किंवा इंग्रजांशी किती ताणायचं ते कळे. दप्तर सांभाळणाराच तहाला बसू लागला आणि शब्दही त्याच्यामागून दरबारात शिरला.

'राजनय'वाले हे सगळं विसरतात. परिभाषाकोशात त्यांचा शब्द शोभतो, पण यावनी, म्हणजे अरबी-फारसी, म्हणून मुत्सद्द्याला हाकलणं ही भाषाशुद्धी नव्हे, स्मृतिभ्रंश आहे.

राहिला आर्थिक भाग. 1971 च्या सोव्हिएत मैत्री करारापासून दिल्लीच्या परराष्ट्र धोरणात सुरक्षेचं पारडं जड होतं. 1991 मध्ये परकी चलनाची गंगाजळी आटली, सोनं गहाण पडलं, डिसेंबरात सोव्हिएत संघच फुटला. नरसिंह रावांनी पूर्वेकडे मोर्चा वळवला. 1992 मध्ये भारत आसिआन या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा ठरावीक क्षेत्रांपुरता संवाद-भागीदार झाला आणि 1994 मध्ये रावांनी सिंगापुरात गुंतवणुकीसाठी उघड हाक दिली. राजदूत व्यापाराचं बोलू लागले, तेव्हा मुत्सद्दी आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. 'आर्थिक मुत्सद्देगिरी' निःशंक लिहा. फक्त 'मुत्सद्दीगिरी' लिहू नका.