आळसाचं बिल

पहिली नोकरी, एकट्याचं बिऱ्हाड. पगार कुठे जातो ते कळत नाही, हे साहजिक आहे. पै-पैचा हिशेब सध्या राहू दे. आधी एवढंच बघ:

- क्रेडिट कार्डावर ‘किमान रक्कम’ भरून मोकळा होऊ नकोस. बाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं, शिवाय नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. पूर्ण बिलाचं ऑटो-पे आजच लाव. मी दोन वर्षं ‘उद्या लावू’ म्हणत होतो!
- इन्कम टॅक्सचं रिटर्न ३१ जुलैच्या आत भर. उत्पन्न ५ लाखांवर असेल तर उशिराला ₹५००० दंड.
- कोथिंबीर आणल्या आणल्या निवड, कोरडी करून कागदात गुंडाळ. पिशवीतच राहिली की चौथ्या दिवशी काळा चिखल, आणि रात्री बाहेरून जेवण.

गुंतवणुकीचं नंतर बोलू.