डिस्टन्स बंद झालं, आता सायकॉलॉजिस्ट व्हायचं कसं?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये यूजीसीचा आदेश आला आणि तेव्हापासून हा एकच प्रश्न घेऊन येणारी, फोन करणारी, व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज टाकणारी पोरं-पोरी काही संपेनात. आदेश असा की त्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून सायकॉलॉजीची डिग्री डिस्टन्सनं किंवा ऑनलाइन द्यायची नाही, म्हणजे नवीन ॲडमिशन बंद. सायकॉलॉजीबरोबर मायक्रोबायोलॉजी, फूड अँड न्यूट्रिशन असले विषयही त्यात आहेत, कारण २०२१ चा जो अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आहे त्याच्या हिशेबानं ही सगळी आरोग्याची कामं झाली. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी जणांचा बेतच असा होता की नोकरी करत करत इग्नूतनं एमए सायकॉलॉजी करायचं, तिथं कुठलीही डिग्री चालत होती, बीकॉम असो बीएस्सी असो. तो रस्ताच गेला.

त्यातल्याच एकीची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही, थोडेफार तपशीलही बदललेत, कारण खानापूर तालुका म्हटलं की कोण कुणाची कोण हे दोन फोनमध्ये निघतं.

पोरगी बीकॉम झालेली, बेळगावात एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात कामाला, रोज खानापूरहून बसनं येऊन-जाऊन. शाळा सगळी मराठी मीडियम. माझ्याकडं समुपदेशनाला आली ती करिअर विचारायला नाहीच, झोप लागत नाही, कामात चुका होतात, आईवर चिडचिड होते म्हणून आली. बोलता बोलता रडायला लागली आणि मग निघालं की दोन वर्षं पगारातनं पैसे बाजूला टाकले ते एमएसाठी, फॉर्म भरायच्या वेळी बंद झाल्याचं कळलं, आणि घरात लग्नाचं बोलणं नेमकं त्याच आठवड्यात सुरू झालं. "मॅडम, आता मला सायकॉलॉजिस्ट होताच येत नाही की. काय करूलालोय तेच कळंना झालंय." वर गोव्यात कंपनीत असलेल्या भावानं एक जाहिरात पाठवलेली, सहा महिन्यांत घरबसल्या सर्टिफाइड सायकॉलॉजिस्ट, पहिला हप्ता भरा आणि सीट बुक करा. ती भरणारच होती, दोन दिवसांनी.

मी आधी तो हप्ता थांबवायला सांगितलं. सल्ला देताना मी सहसा इतकी घाई करत नाही, पण या बाबतीत करते. असल्या कोर्सांचा मला मनापासून राग आहे. शिकायला काही हरकत नाही, ऐकून घ्यायचं कसं, प्रश्न विचारायचे कसे एवढं कळलं तरी घरात उपयोग होतो, पण त्या कागदावर कुणी सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावून बसलं आणि समोर मरायचे विचार येणारा माणूस आला तर काय करणार? जाहिरातीत खाली बारीक अक्षरात आरसीआयचं नावही होतं. तिला म्हटलं, आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, १९९२ च्या कायद्यानं झालेली संस्था, तिच्या वेबसाइटवर मान्यता असलेल्या कॉलेजांची आणि कोर्सांची यादी आहे, तिथं हे नाव शोध. तिनं माझ्यासमोरच मोबाइल काढला. नव्हतं. भावाला तिथनंच फोन लावला, तो म्हणाला, "बरं झालं, मी पण नुसतं फॉरवर्ड केलंतं."

पुढच्या वेळी ती जरा शांत होती तेव्हा मी तिला विचारलं, सायकॉलॉजिस्ट होऊन तुला नेमकं काय करायचंय, म्हणजे सकाळी दहा वाजता तू कुठं बसलीयस आणि समोर कोण आहे? बहुतेक जण इथं अडकतात, "लोकांना मदत करायचीय" म्हणतात. ही अडकली नाही. तिच्या मामेभावाचा मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, घरचे देवरसपणा, म्हणजे देवाला कौल लावणं, अंगारे-धुपारे, करून दमले, मग धारवाडला तपासायला नेलं तेव्हा ही सोबत गेलेली. तपासणाऱ्या बाई कन्नड आणि इंग्रजी बोलणाऱ्या, पोराच्या आईला मराठीशिवाय काही येत नाही, तर हिनंच आपल्या मोडक्या कन्नडात दोन तास मधे बसून सांगितलं. पोरगं ठोकळे कसं लावतंय, नाव घेतलं तर वळून बघतंय का, हे त्या बाई कशा बघत होत्या ते तिला अजून जसंच्या तसं आठवत होतं. "मला तसल्या बाई व्हायचंय," म्हणाली.

तिला जे हवं होतं त्याचं नाव क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आणि तिथं कायदा स्पष्ट आहे. सायकॉलॉजी शिकलेले सगळे क्लिनिकल नसतात. शाळेत समुपदेशक व्हायचं असेल तर एमए आणि वर गायडन्स-काउन्सेलिंगचा डिप्लोमा असला की बरंच काम होतं, एनसीईआरटीचा तसा डिप्लोमा म्हैसूरच्या रिजनल इन्स्टिट्यूटमधूनही होतो, आणि सीबीएसई शाळांना समुपदेशक नेमावा लागतो. कंपन्यांच्या एचआरमधे जायचं असेल तर वाट आणखी वेगळी. पण आजाराचं निदान, टेस्टिंग, दवाखान्यातली थेरपी, सर्टिफिकेटवर सही, यासाठी आरसीआयची नोंदणी लागते. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आरसीआयची मान्यता किंवा एमएवर दोन वर्षांचं फुल टाइम, दवाखान्यातलं ट्रेनिंग असलेलं एमफिल अशी धरलीय.

"मग मी सायन्स घ्यायला पाहिजे होतं काय पीयूसीला?" पीयूसी म्हणजे आमच्याकडची अकरावी-बारावी. हा प्रश्न येणारच होता, सगळ्यांचा येतो. नाही. सायन्स लागतं ते सायकियाट्रिस्टला, तो डॉक्टर, नीटची परीक्षा, एमबीबीएस साडेपाच वर्षं, वर एमडी तीन वर्षं, गोळ्या तोच लिहून देतो. सायकॉलॉजिस्टला आर्ट्स चालतं, कॉमर्स चालतं, फक्त मधे कुठंतरी सायकॉलॉजी नीट शिकावी लागते. सरळ रस्त्यानं गेलं तर आजवर बीए तीन वर्षं, एमए दोन, एमफिल दोन असा हिशेब होता. एमफिलला एमएमधे साधारण ५५ टक्के मागायचे, राखीव गटांना ५०.

हिची अडचण एवढीच की बीकॉमला सायकॉलॉजी नव्हती. काही विद्यापीठं एमएला बीएची सायकॉलॉजी मागतात, काही कुठल्याही पदवीवर एन्ट्रन्स देऊन घेतात. हे प्रत्येक ठिकाणी फॉर्म भरायच्या आधी ऑफिसात विचारून घ्यायचं, ओळखीच्या पोरीनं सांगितलं म्हणून धरून चालायचं नाही, नियम दरवर्षी हलतात. मी तिला आणखी एक दार दाखवलं, एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधली मास्टर्स डिग्री, त्याला कुठलीही पदवी चालते, पुढं सायकियाट्रिक सोशल वर्कला जाता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीममधे सायकियाट्रिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या जोडीला सोशल वर्करही असतो. हा कार्यक्रम देशभर १९९६ ला सुरू झाला, पण त्याचा नमुना बेंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं १९८५ पासून आपल्याच कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात तयार केलेला, हे मी मुद्दाम सांगते कारण आमच्या पोरांना वाटतं असलं सगळं बेंगळूर-पुण्यात बसूनच होतं. तिनं एमएसडब्ल्यूचा विचार केला, दोन दिवसांनी मेसेज आला, "नाही मॅडम, मला टेस्टच घ्यायच्यात."

आदेशाबद्दल माझं मत विचारलं तिनं. सांगितलं, तत्त्व म्हणून पटतं. समोरच्याचं ऐकून गप्प बसणं, आणि कुणीतरी अनुभवी माणूस मागं बसून तुमची चूक दाखवणं, हे पोस्टानं येत नाही. पण अचानक बंद केलं ते ज्यांच्यावर पडलं ती कोण? शहरातली पोरं रेग्युलरला जातातच. फटका बसला तो रोज बसनं येऊन-जाऊन कमावणाऱ्या, बाळ सांभाळत शिकणाऱ्या बायकांना. याचा विचार कुणी केला असं मला तरी दिसलं नाही.

मग वडील आले. शेती, थोडे काजू, बोलणं कमी. बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिकायला आमची ना नाही मॅडम, खरं शिकून पोरीनं जायचं कुठं, धारवाडला?" आणि स्वतःच हसले. बाहेरच्यांना सांगते, आमच्याकडं कुणाचं डोकं फिरलं असं वाटलं की त्याला धारवाडला पाठवा म्हणतात, तिथं मेंटल हॉस्पिटल, जसं पुण्याकडं येरवडा म्हणतात तसं. मी म्हटलं, होय मामा, धारवाडलाच. ते जुनं हॉस्पिटल आता डिमहान्स नावाची मानसिक आरोग्याची संस्था झालंय, तिथंच क्लिनिकल सायकॉलॉजीचं ट्रेनिंग होतं, खानापूरहून लोंढ्यावरनं रेल्वे आहे, पोरगी बेंगळूरला पाठवावी लागेलच असं नाही. यावर ते पहिल्यांदा सरळ होऊन बसले. त्यांची खरी भीती पैशाची किंवा वेडाची नव्हतीच, पोरगी लांब जाण्याची होती. "किती वर्षं?" म्हणाले. मी आकडा लपवला नाही, रेग्युलर एमए दोन आणि पुढचं ट्रेनिंग दोन, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर चार, ॲडमिशनला एखादं वर्ष गेलं तर पाच. आई मधेच म्हणाली, "तवर लग्नाचं वय जाईल की." त्यावर मी काही बोलले नाही. ते माझं काम नाही, पोरीनंच बोलायचं होतं आणि तिनं ते बोललं, हळू आवाजात पण बोलली, की एमए होईपर्यंत थांबा, मग बघू, आणि जो येईल त्याला हे आधीच सांगा. वडिलांनी होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आमच्या भागात याला बऱ्यापैकी होकार धरतात.

एक गोष्ट मात्र तिनं मला विचारली नव्हती आणि मला ती सगळ्यात मोठी वाटत होती, ती म्हणजे कन्नड. ती कन्नडला ओझं समजत होती, शाळेत सक्तीचा पेपर, मार्क कमी पडायचे, आणि सीमाभागात भाषेचं राजकारण लहानपणापासून कानावर, ते मी काही सांगायला नको. मी तिला म्हटलं, त्या दिवशी धारवाडला दोन तास मधे कोण बसलंतं? तिथं जी खुर्ची रिकामी होती ती तुझीच आहे. माझ्याकडं सकाळी येळ्ळूरची आजी येते ती मराठीत रडते, दुपारी बैलहोंगलचा शेतकरी येतो तो कन्नडात गप्प बसतो, आणि दोघांना तिसऱ्या भाषेत बोलवलं तर दोघंही "बरं हाय" एवढंच सांगून जातात. बुद्ध्यांकासाठी अजून कितीतरी ठिकाणी वापरतात ती बिने-कामत टेस्ट, ती कामतांनी १९३० च्या दशकात बसवली तीच मुळी मराठी आणि कन्नड दोन्हीत. दोन्ही भाषांत काम करणारा ट्रेन झालेला माणूस बेळगाव जिल्ह्यात मिळायला किती त्रास होतो ते मी रोज बघते, मलाच रेफर करायला कुणी सापडत नाही. आणि कर्नाटकात सरकारी नोकरी पाहिजे असेल तर कन्नड यायलाच पाहिजे, तो हिशेब वेगळा.

सध्या तिनं ऑफिसातली नोकरी सोडलेली नाही. मीच म्हटलं घाईनं सोडू नकोस, रेग्युलर एमए म्हणजे हॉस्टेल, मेस, दोन वर्षं पगार नाही, जेवढं साठतंय तेवढं साठू दे. संध्याकाळी बीएच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची सायकॉलॉजीची पुस्तकं वाचते, एन्ट्रन्ससाठी स्टॅटिस्टिक्सही, ते तिला सोपं जातंय कारण बीकॉमला होतं. सायकॉलॉजीला आकडेमोड असते हे कळल्यावर कितीतरी जण पळतात, ही खूश झाली. झोपेचं आपोआप बरं झालं असं मी म्हणणार नाही, त्यावर आम्ही वेगळं काम केलं, रात्री मोबाइल, चहा, उद्याच्या काळज्या लिहून काढणं वगैरे, आणि अजून अधनंमधनं बिघडतं.

एमफिलचं काय होणार ही तिची नवीन काळजी. नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल बंद झालं, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोघांना तेवढी २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली, आणि आरसीआयनं आता चार वर्षांचं बीएस्सी क्लिनिकल सायकॉलॉजी ऑनर्स, दोन वर्षांचं एमए क्लिनिकल सायकॉलॉजी, एमएनंतरचं सायडी म्हणजे सायकॉलॉजीतली डॉक्टरेट असले नवे कोर्स आणलेत. तिला सांगितलं, तुझं एमए होईपर्यंत कोर्सच्या नावाच्या मागं पळू नको. आरसीआयच्या यादीत तो कोर्स आणि ते कॉलेज दोन्ही आहेत का, आणि दवाखान्यात कुणाच्या तरी हाताखाली पूर्ण वेळ काम करायला मिळतंय का, एवढं बघ. जिथं फोनवर हे विचारलं की "आधी फी भरा, मग सांगतो" म्हणतात, तिथं फोन ठेवून द्यायचा.

परवा तिचा मेसेज आला, तीन विद्यापीठांना विचारलं, एकानं बीकॉम चालत नाही सांगितलं, दोघांनी चालतं सांगितलं, फॉर्म सुटले की दोन्ही भरणार. खाली वडिलांचा एक प्रश्न होता, त्यांनीच तिला विचारायला लावलेला, की धारवाडला पोरींचं हॉस्टेल आत आहे का बाहेर. मी म्हटलं, एकदा त्यांनाच घेऊन जा आणि बघून या.