घरच्या बोअरवेलमध्ये 200 फुटांवर लोखंडी पाइपवर सोडलेली सबमर्सिबल मोटर जळाली आहे; ती आपणच वर ओढावी की कारागीर बोलवावा?

मोटर 100 फुटांच्या आत आणि काळ्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपवर सोडलेली असेल, तर तीन-चार धडधाकट माणसे ती हाताने काढू शकतात. परंतु आपण लिहिल्याप्रमाणे 200 फुटांवर सव्वा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असल्यास, पाइप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे (पाणी मागे जाऊ न देणाऱ्या झडपेमुळे) त्यात अडकलेले पाणी आणि मोटर मिळून वजन सुमारे पाव टन भरते, आणि तेथे चेन पुली (साखळीची कप्पी) व घोडी (ती टांगण्याची तिपाई) घेऊन येणाराच माणूस हवा.

कारागिराने प्रथम मेन स्विच बंद करून स्टार्टरमधून केबल सोडवावी. त्यानंतर 20 फुटांचा एकेक पाइप वर घेताना, खालचा पाइप केसिंगच्या (बोअरमध्ये बसवलेल्या बाहेरच्या नळीच्या) तोंडावर क्लॅम्पने घट्ट आवळल्याशिवाय वरचा सॉकेट (दोन पाइपांचा जोड) खोलू नये. सारी मेख याच टप्प्यात आहे. येथे पकड सुटली तर खालचा सगळा संच बोअरच्या तळाशी जातो आणि तो गळाने काढण्याचा खर्च कित्येकदा नव्या मोटरीहून अधिक होतो. केबलला धरून ओढणाऱ्या कारागिराला तत्काळ थांबवावे. मजुरी फुटावर ठरते की पाइपावर, आणि मोटर मध्येच अडकल्यास काय, हे आधीच बोलून घेतलेले बरे.

मोटर दुरुस्तीला गेल्यावर बोअरचे तोंड पोत्याने झाकू नये, त्यावर लोखंडी झाकण बोल्टने आवळावे. दुरुस्तीच्या काळातही बोअर उघडी राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाचे 2010 पासूनचे निर्देश आहेत.