राख नव्हे हो, कीट!

एका वाचकाचा प्रश्न आलाय. मुलीच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात फलक आहे: ‘पोलादाच्या राखेतून मौल्यवान धातू, तेही लिंबातल्या आम्लाने’. स्लॅगला, म्हणजे पोलाद करताना भट्टीत वेगळ्या निघणाऱ्या मळाला, ‘राख’ चालेल, की ‘मळी’ लिहायचं?

राख चालणार नाही. सोलापूरजवळच्या फताटेवाडीला वीज केंद्र आल्यापासून आपल्याकडे कारखान्यातून जे काही करडं बाहेर पडेल ते राख! जळून उरते ती राख. पोलादाच्या भट्टीत चुना घालतात, तो लोखंडातली घाण धरतो, वितळून वर तरंगतो. तो वेगळा ओतला आणि निवला की दगड होतो. टनभर पोलादामागे साधारण 100 ते 150 किलो. यात जळालं काय?

मळी पुस्तकात आहे, ‘धातुमळी’ म्हणून. शब्द वाईट नाही. गुऱ्हाळात रस उकळताना वर येते आणि झाऱ्याने काढतात तीही मळीच, अगदी तेच दृश्य. पण सोलापूर जिल्ह्यात मळी म्हटली की माणसाच्या डोळ्यांपुढे टँकर येतो आणि नाकात वास. शिवाय ‘लिंबातलं’ ते सायट्रिक आम्ल आता कारखान्यात लिंबापासून होत नाही. साखरेवर नाहीतर उसाच्या मळीवर काळी बुरशी वाढवून करतात. म्हणजे वाक्य असं होणार: मळीपासून आम्ल करा आणि त्या आम्लाने मळीतला धातू काढा. वाचणाऱ्याने काय समजायचं?

आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, कीट. तळणीच्या कढईला बाहेरून चढतं ते कीट, दातांवर बसतं ते कीटण, आणि लोखंडाचं ते लोहकीट. संस्कृतात किट्ट. जुनं लोहकिट्ट म्हणजे मंडूर, वैद्यांच्या पांडुरोगावरच्या औषधातलं. रसशास्त्र सांगतं, शंभर वर्षांचं किट्ट उत्तम, ऐंशीचं मध्यम, साठचं कनिष्ठ, त्याहून ताजं विषासारखं. हसू नका. आजही पोलादाचं कीट रस्त्याच्या खडीत घालण्याआधी महिनोन्‌महिने उघड्यावर भिजत ठेवतात, कारण त्यातला मोकळा चुना ओल लागली की फुगतो आणि रस्ता उचलून धरतो. आणि मंडूर शुद्ध कसा करायचा? लालबुंद तापवून गोमूत्रात बुडवायचा, पुढे त्रिफळ्याच्या काढ्याचे संस्कार. त्रिफळ्यात सेंद्रिय आम्लं भरपूर. आमच्या वैद्यांनी व्हॅनेडियम (किटातला एक मौल्यवान धातू) काढलं होतं असलं काही मी म्हणत नाही, तसं म्हणणारे दुसरे पुष्कळ आहेत. पण कीट आणि आंबट काढा यांची गाठ जुनी आहे.

आता माझं मत. कन्नडात किट्ट, तमिळमध्ये किट्टम, अर्थ तोच. कोशकार ‘सं. किट्ट’ एवढं लिहून हात झटकतात. त्या ट्ट कडे पाहून मला तरी वाटतं की शब्द दक्षिणेच्या लोहारांकडून संस्कृतात गेला, तिकडून इकडे आला नाही. पुरावा? माझा कान. तुमच्याकडे उलटा पुरावा असेल तर दाखवा, पण ‘संस्कृत सर्वांची जननी’ हा पुरावा नव्हे.

हां, फलक. लिंबाचं खोटं नाही. काळपट तांब्याला चिंच फासली की कोळ मळकट होतो आणि भांडं उजळतं, तेच इथे. सायट्रिक आम्ल धातूला तीन हातांनी धरून पाण्यात ओढतं. एरवी व्हॅनेडियम असलेल्या किटाला सोड्याबरोबर भट्टीत भाजावं लागतं, ते यात टळू शकतं. अडचण चुन्याची. पोलादाच्या नेहमीच्या किटात तो जवळपास निम्मा, आणि धातूपर्यंत पोचायच्या आत आम्ल तोच पिऊन टाकतो. ऑक्झॅलिक आम्ल घ्यावं तर चुन्याशी मिळून न विरघळणारा गाळ बसतो, मुतखड्यात असतो तोच. फलकावर याबद्दल एक ओळ नाही, असं तुमच्याच पत्रात आहे. ‘राखे’पेक्षा ती चूक मोठी.

तर ‘पोलादाच्या किटातून’ असं लिहा. आणि बाईंनी ‘निक्षालन’ शब्द घालायला सांगितला असेल तर मुलीला म्हणावं, ‘विरघळवून काढणे’ लिही.