वाचकांचे प्रश्न : लहान महाविद्यालयांच्या मैदानावरील एकट्याचे पराक्रम

प्रश्न : अमेरिकेतील एका लहान महाविद्यालयाच्या खेळाडूने एकाच सामन्यात ४६५ यार्ड धावून विक्रम केला, असे वाचनात आले. आम्हा गोव्यातील माणसांच्या लेखी फुटबॉल म्हणजे गोल. यार्ड मोजून पराक्रम कसा ठरतो आणि हा आकडा खरोखरच मोठा आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : अमेरिकन फुटबॉलचे मैदान १०० यार्ड लांबीचे असते आणि चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते, तेवढे जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. तेथे प्रत्येक यार्ड अंगावर धावून येणाऱ्या अकरा जणांकडून हिसकावून घ्यावा लागतो, आणि म्हणूनच चेंडू हाती घेऊन धावणाऱ्या खेळाडूने संपूर्ण सामन्यात १०० यार्ड मिळवले तरी त्याचा दिवस चांगला गेला असे मानतात. ओहायो राज्यातील टिफिन या गावी असलेल्या हायडलबर्ग विद्यापीठाच्या कार्टेल ब्रुक्स याने ९ नोव्हेंबर २०१३ रोजी ४६५ यार्ड मिळवले. आपल्या मापात हे अंतर सुमारे ४२५ मीटर, म्हणजे आपल्या नेहमीच्या फुटबॉल मैदानाच्या चार लांब्यांहून अधिक होते. आकडा खरोखरच मोठा आहे.

त्याची गंमत पुढे आहे. ब्रुक्सच्या आधी केवळ दोन आठवडे, २६ ऑक्टोबरला, वेस्टर्न कनेक्टिकट स्टेटच्या ऑक्टेव्हियस मकॉय याने ४५५ यार्ड मिळवून मॅरिएटा महाविद्यालयाच्या डांटे ब्राउनचा १९९६ मधील ४४१ यार्डांचा विक्रम मोडला होता. सतरा वर्षे टिकलेला आकडा दोन आठवड्यांत दोनदा मागे पडला. ब्राउनने ते ४४१ यार्ड बाल्डविन वॉलेस या संघाविरुद्ध मिळवले होते, आणि ब्रुक्सने ४६५ मिळवले तेही बाल्डविन वॉलेसविरुद्धच. एवढे वाचून हा संघ नेहमीचा दुबळा असेल असे कोणालाही वाटेल. परंतु याच बाल्डविन वॉलेसने १९७८ मध्ये तिसऱ्या, म्हणजे लहान महाविद्यालयांच्या विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले होते. एखाद्या दिवशी चांगल्या परंपरेचा संघही कोसळतो. अशा दिवसाचे श्रेय एकट्या धावपटूच्या नावावर लिहिले जात असले, तरी त्याच्यापुढे वाट मोकळी करणारे पाच आडदांड गडी असतात आणि विक्रमांच्या पुस्तकात त्यांची नावे कोठेही येत नाहीत. हा त्या खेळातील जुना अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या आकड्याची तुलना वरच्या पातळीशी करायची झाल्यास, सर्वोच्च विभागातील एका सामन्याचा विक्रम ओक्लाहोमा विद्यापीठाच्या समाजे पेराइन याने २०१४ मध्ये केलेल्या ४२७ यार्डांचा आहे. लहान महाविद्यालयातील आकडा मोठ्याहून मोठा आहे. त्यावरून ब्रुक्स हा पेराइनपेक्षा श्रेष्ठ ठरत नाही, कारण समोरचा बचाव वेगळ्या ताकदीचा होता. पण त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या संघाविरुद्ध जे शक्य होते त्याची सीमा ब्रुक्सने गाठली, आणि खेळाडूकडून याहून अधिक मागता येत नाही.

प्रश्न : तेथे ‘लहान महाविद्यालय’ कशावरून ठरवतात?
— एक विद्यार्थी, साखळी

उत्तर : एनसीएए या राष्ट्रीय संस्थेने १९७३ पासून आपल्या सदस्य महाविद्यालयांचे तीन विभाग केले आहेत. दुसऱ्या विभागात मर्यादित क्रीडा शिष्यवृत्त्या असतात, तर तिसऱ्या विभागात केवळ खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. याशिवाय एनएआयए ही लहान महाविद्यालयांची स्वतंत्र संघटना आहे. सर्वसाधारणपणे पहिल्या विभागाबाहेरच्या या सर्वांना लहान महाविद्यालये म्हणतात.

प्रश्न : ८६–० किंवा ७२–० अशा सामन्यांतील वैयक्तिक विक्रमांना आपण संस्मरणीय म्हणावे काय? समोरचा संघच उभा राहू शकत नसेल तर त्यात पराक्रम तो कसला?
— एक निवृत्त शिक्षक, डिचोली

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. वॉल्टर पेटन हा पुढे शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाचा थोर खेळाडू झाला. जॅक्सन स्टेटमध्ये शिकत असताना १९७२ मध्ये लेन महाविद्यालयाविरुद्ध त्याने एकट्याने ४६ गुण मिळवले. त्यात सात टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेणे, प्रत्येकी सहा गुण) आणि टचडाउननंतर मिळणारे दोन-दोन गुणांचे दोन जादा प्रयत्न होते. तो सामना जॅक्सन स्टेटने ७२–० असा जिंकला. मिसिसिपी व्हॅली स्टेटच्या विली टॉटन याने १ सप्टेंबर १९८४ रोजी केंटकी स्टेटविरुद्ध टचडाउन मिळवून देणारे नऊ पास हाताने फेकले, तेव्हा गुणफलक ८६–० होता. हे आकडे नोंदवावेत, जपावेत. परंतु त्यांच्या शेजारी गुणफलक लिहिल्यावाचून ते सांगू नयेत, या मताचा मी आहे.

मात्र टॉटनच्या त्याच संघातील दुसऱ्या खेळाडूची कामगिरी मी अधिक मोलाची मानतो. जेरी राइस याने १९८३ मध्ये सदर्न विद्यापीठाविरुद्ध एका सामन्यात २४ पास झेलले. पाचसहा झेलांनंतर समोरच्या प्रशिक्षकाला कळून चुकते की चेंडू याच्याकडेच येणार आहे, आणि मग त्याच्यामागे एकाऐवजी दोन बचावपटू लागतात. त्यानंतरही आणखी अठरा वेळा मोकळी जागा शोधून चेंडू हातात घेणे ही दुबळ्या प्रतिस्पर्ध्याच्या कृपेने घडणारी गोष्ट नव्हे. तांत्रिकदृष्ट्या मिसिसिपी व्हॅली स्टेट तेव्हा पहिल्या विभागाच्या खालच्या स्तरात खेळत असे, पण इटा बेना या लहानशा गावाबाहेरचे ते महाविद्यालय सर्व अर्थांनी लहानच होते. व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या १९८५ च्या निवडीत सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने राइसला पहिल्याच फेरीत घेतले आणि पास झेलणाऱ्यांत तो सर्वश्रेष्ठ मानला जाऊ लागला. आज त्या महाविद्यालयाच्या मैदानाला राइस आणि टॉटन या दोघांचेही नाव आहे.

प्रश्न : लहान महाविद्यालयातून थेट मोठ्या व्यावसायिक संघात गेलेला, पण राइसइतका प्रसिद्ध नसलेला कोणी सांगाल काय?
— एक वाचक, वास्को

उत्तर : डॅनी वुडहेड. नेब्रास्कातील चॅड्रन स्टेट या दुसऱ्या विभागाच्या महाविद्यालयाचा हा बुटका धावपटू २००६ आणि २००७ अशी सलग दोन वर्षे त्या विभागातील सर्वोत्तम खेळाडूचा हार्लन हिल करंडक घेऊन गेला. २००६ च्या एका हंगामात त्याने २,७५६ यार्ड मिळवले. तरीही व्यावसायिक निवडीत कोणत्याही संघाने त्याचे नाव पुकारले नाही. चाचण्या देत तो आत शिरला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून सुपर बोल या व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने टचडाउन केला. सामना न्यू इंग्लंडने गमावला, एवढीच त्याला चुटपुट लागली असावी.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या मुलींच्या फुटबॉल संघात खेळते. आपल्या फुटबॉलचे कौशल्य घेऊन कोणी अमेरिकन फुटबॉलमध्ये नाव कमावले आहे काय, आणि त्यात कोणी मुलगी आहे काय?
— एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आहे. त्या खेळात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो, पण गुण मिळवण्याचा एक मार्ग पायाचा आहे. सहकारी चेंडू जमिनीवर धरतो, समोरून अंगावर येणारी फळी असते आणि एकदोन क्षणांत चेंडू दोन उंच खांबांच्या मधून, सुमारे तीन मीटर उंचीच्या आडव्या दांड्यावरून पलीकडे घालवायचा असतो. हे काम आपल्या फुटबॉलमध्ये पाय तयार झालेल्या माणसाला जमते.

स्वीडनमध्ये फुटबॉल खेळून अमेरिकेत आलेल्या ओवे योहान्सन याने टेक्सासमधील ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठाकडून १६ ऑक्टोबर १९७६ रोजी ईस्ट टेक्सास स्टेटविरुद्ध ६९ यार्डांवरून असा गोल केला. हे अंतर ६३ मीटर भरते. आपल्या १०५ मीटर लांबीच्या मैदानावर मध्यरेषेपासून आणखी दहा मीटर मागे, स्वतःच्या अर्ध्या भागात उभे राहावे आणि तेथून एका फटक्यात चेंडू जमिनीला न टेकता समोरच्या गोलच्या दांड्यावरून जावा, अशी कल्पना करून पाहा. त्या काळी महाविद्यालयीन सामन्यांत चेंडू ‘टी’ नावाच्या छोट्या ठोकळ्यावर ठेवून मारण्याची मुभा होती, हे खरे. पण ती मुभा सर्वांनाच होती आणि इतक्या लांबून दुसऱ्या कोणत्याही महाविद्यालयीन खेळाडूला गोल करता आला नाही. योगायोग असा की, त्याच दिवशी त्याच राज्यात टेक्सास ए अँड एम या बलाढ्य संघाच्या टोनी फ्रँकलिन याने ६४ आणि ६५ यार्डांवरून गोल केले. एरवी देशभर त्याचाच गाजावाजा झाला असता. योहान्सनच्या सामन्यातच त्याचा सहकारी विल्बर्ट मॉन्टगोमेरी याने कारकिर्दीतील टचडाउनचा विक्रमही केला. एका लहान महाविद्यालयाच्या मैदानावर एका दुपारी दोन विक्रम झाले.

आता मुलींविषयी. ओरेगॉन राज्यातील विलमेट विद्यापीठाची लिझ हीस्टन ही मुलींच्या फुटबॉल संघातील खेळाडू होती. नेहमीचा किक मारणारा गडी जायबंदी झाल्यामुळे १८ ऑक्टोबर १९९७ रोजी लिनफील्डविरुद्ध तिला मैदानात उतरवण्यात आले आणि टचडाउननंतरच्या दोन किका तिने अचूक मारल्या. प्रत्येक किकेला एकच गुण असतो, त्यामुळे २७–० अशा त्या विजयात तिचा वाटा अवघ्या दोन गुणांचा होता. तरीही महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमध्ये गुण मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. पुढे २००३ मध्ये वेस्ट अलाबामाच्या टोन्या बटलर हिने खेळ चालू असताना मिळणारा तीन गुणांचा गोल केला. एनसीएएच्या सामन्यात असा गोल करणारी ती पहिली स्त्री होय. या उत्तरांत आलेल्या सर्व आकड्यांत हीस्टनचे दोन गुण सर्वांत लहान आहेत आणि मला ते सर्वांत अधिक प्रिय आहेत. आपण सरावात थांबलेला चेंडू मारण्याकडे लक्ष देत असाल, तर ते कौशल्य दोन्ही खेळांत कामी येते हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या कपाटात आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचे करंडक आहेत, पण कोणत्या सामन्यात कोणी काय केले याची नोंद सापडत नाही. जुने खेळाडू भेटले की एखाद्या सामन्याच्या आठवणी रंगतात, पण दोघांचे आकडे जुळत नाहीत. यावर उपाय काय?
— शारीरिक शिक्षणाचे एक प्राध्यापक, मडगाव

उत्तर : आपला प्रश्न या संपूर्ण विषयाच्या मुळाशी जातो. ब्रुक्सचे ४६५ यार्ड आपण आज म्हणू शकतो, याचे कारण मैदानाच्या कडेला बसून प्रत्येक धाव लिहिणारा कोणीतरी होता आणि ते कागद पुढे पाठवण्याची व्यवस्था होती. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलची अधिकृत आकडेवारी १९३७ पासून ठेवली जाते. त्याआधीच्या पराक्रमांच्या कथा तेथेही आहेत, पण त्या बहुतांशी कथाच राहिल्या. गोव्यात १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून आपली मुले महाविद्यालयीन फुटबॉल खेळत आली आहेत. त्यांच्यातील कोणाच्या तरी पायाने किंवा हाताने विसरू नये असे काही घडले नसेल, हे मला मुळीच पटत नाही.

पुढच्या सामन्यांसाठी एक साधा तक्ता पुरेसा आहे. तारीख, मैदान, हवामान, दोन्ही संघांतील खेळाडूंची पूर्ण नावे, बदली खेळाडू कोणत्या मिनिटाला आला, गोल कोणत्या मिनिटाला आणि कोणाच्या पासवर झाला, एवढे लिहावे. याखेरीज गोलरक्षकाने अडवलेले फटके आवर्जून मोजावेत. ज्या भूमीने ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक देशाला दिला, तेथे गोलरक्षकाची कामगिरी केवळ खाल्लेल्या गोलांवरून ठरवणे योग्य नव्हे. तक्त्यावर पंच आणि दोन्ही संघांचे व्यवस्थापक यांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत क्रीडा विभागाच्या कपाटाबरोबरच ग्रंथालयातही ठेवावी, कारण क्रीडा विभागातील कागद माणसे बदलली की हलतात.

मागच्या सामन्यांचा शोध अवघड असला तरी अशक्य नाही. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी आपली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती, म्हणून केवळ ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात चौकशी करून भागणार नाही. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे पाहता येतात, आणि ‘गोमन्तक’, ‘राष्ट्रमत’ किंवा ‘नवप्रभा’ यांच्या क्रीडा पानांवर महाविद्यालयीन सामन्यांचा मजकूर मिळण्याची शक्यता आहे. मात्र तेथे जाण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक नियतकालिकातील जिमखाना अहवाल वाचावेत. त्यांत अंतिम सामन्याचा महिना जरी मिळाला, तरी वर्षभराच्या अंकांऐवजी तीसच अंक चाळावे लागतील. हे काम तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांवर प्रकल्प म्हणून सोपवता येईल, आणि आपले जुने खेळाडू हयात असतानाच ते सुरू करावे, म्हणजे सापडलेला मजकूर त्यांच्याकडून पडताळून घेता येईल.